अर्धा राहिलेला तेरावा मारा

फागू, तुझी तिरडी बांधायला चौघं बसले होते आणि चौघांनाही गाठ येत नव्हती. बांबू चांगले होते, दोरही भरपूर होता, पण उचलून पाहिली की आडव्या कामट्या सरकायच्या. तू असतास तर म्हणाला असतास, "सरका जी, गाय बांधून रायले का?" मी तुझ्या ओसरीत भिंतीला टेकून बसलो होतो. शेवटी उठलो, दोर हातात घेतला आणि बांधत गेलो. दोन वेढे, एक उलटा पीळ, टोक आत खोचून वरून दाब. तिरडी हलेना तेव्हा एकानं विचारलं, "देवाजी, अशी गाठ तुमाले कोनं शिकवली?" मी म्हणालो, फागूनं. त्याला हसू आवरेना. "फागूनं? थो त वर चढाले भेत होता!" आणि मी गप्प बसलो. तुला खांदा द्यायच्या घटकाभर आधीही मी गप्प बसलो.

काल तुझी तेरवी झाली. आज सकाळपासून कागद पुढ्यात घेऊन बसलोय. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे जिवंतपणी तुला काही लिहिलं असतं तर ते वाचून दाखवायलाही मलाच भिंतीपलीकडून यावं लागलं असतं. आणि तोंडावर बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटायची. मी सातवी पास. गावाचे अर्ज मी लिहितो, लोकांच्या सोयरिकीची पत्रं मी लिहितो. पण तुला सांगायचं एक वाक्य मला पाच वर्षांत जुळवता आलं नाही. मला माझी लाज वाटते, फागू. तू होतास तेव्हाही वाटत होती, पण तेव्हा ती आमगावच्या बाजारात गेलं की चार घटका विसरता यायची. आता बाजारातही विसरत नाही.

आपलं ते जुनं भांडण तुला आठवत असेल. धान पोटरीला आलं की वावरात चार खांब रोवून त्यावर राखणीचा मारा उभा करायचा, वर गवताचं छप्पर घालायचं, आणि डुकरं-पोपट हाकलायला माणूस वर बसवायचा. आसपासच्या चार गावांत तो तुझ्या हातचाच असायचा. पुस्तकात त्याला माळा म्हणतात. आपल्याकडे जीभ 'ळ'ला वळत नाही, डोळ्याचा डोरा होतो आणि माळ्याचा मारा. मी शिकलेला शहाणा तुला सारखा टोकायचो, "माळा म्हण, फागू. माळा." तू जीभ वळवून बघायचास, वैतागायचास आणि म्हणायचास, "तुहा माळा पुस्तकात उभा हाये. माया मारा वावरात उभा हाये. सांग, कोनता पक्का?" ह्या भांडणाचा निकाल आपल्या गावात कधी लागला नाही.

मुंबईचं खूळ माझ्याच डोक्यातलं. आश्विनात रोवणं-निंदणं संपलेलं, कापणीला अवकाश, आणि माझं साक्षगंध झालेलं. होणाऱ्या सासऱ्यांनी चार माणसांत विचारलं होतं, "सातवी शिकून जावई करते काय?" ते मला झोंबलं होतं. अशात बाजारातून मिरच्या बांधून आणलेला वर्तमानपत्राचा तुकडा मी तुला दाखवला. मुंबईत समुद्राच्या बाजूला उंच उंच इमारती उठत होत्या, त्यातल्या एकीचं चित्र होतं. चारी अंगांनी खालपासून वरपर्यंत बांबूच बांबू. तू कागद हातात घेतलास, उलटा धरलास, सुलटा केलास आणि ओरडलास, "बाप्पा! हा त मारा होये! एवढा मोठा मारा कोन बांधते गा?" मी म्हणालो, कोणीही बांधत असेल, आपण जाऊ. तुझा माझ्याच वावरातला मारा अर्धा बांधून झाला होता. ऐनाचे खांब रोवलेले, आडवे बांबू तीन पायऱ्यांपर्यंत बांधलेले, वरची बैठक बाकी. म्हणालास, "हा पुरा करून जाऊ." मी म्हणालो, आल्यावर कर. तसा तो राहिला.

माझ्या आईनं तुला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "फागू, माया पोराले संगं नेजो, संगं आनजो." तू हो म्हणालास. तुझं हो म्हणजे काय असतं, ते तेव्हा मला समजलं नव्हतं.

बोरीबंदरला उतरून आपण सहा-सात दिवस नुसते फिरलो. जिथं बांबू दिसले तिथं जाऊन उभे राहायचो. कुठं दारवान हाकलायचा, कुठं ओळखीचा माणूस आहे का विचारायचे, कुठं हत्यार कुठाय म्हणायचे. तू प्रत्येक इमारतीपाशी मान वर करून गाठी बघत बसायचास आणि मोठ्यानं नावं ठेवायचास. "पाय ना, थे गाठ पाय. एका पावसात सुटते." मी तुला कोपर मारायचो, गप म्हणायचो. काम मागायला आलेल्या माणसानं दुसऱ्याचं काम नावाजावं, एवढं तरी तुला कळायला हवं होतं असं मला वाटायचं.

मग तो मुकादम भेटला. समुद्राच्या वाऱ्यात उभा, कानाला मफलर, तोंडात विडी. बारा मजल्यांची इमारत, नऊ झालेले. "कुठनं आलात?" त्यानं विचारलं. तू म्हणालास, "आमगाववरून जी. गोंदियाच्या जवर." तेव्हा आपला भंडारा जिल्हा मध्यप्रदेशात. तो म्हणाला, "मध्यप्रदेशवाले? मग हिंदीत बोला की." तुला राग आला. "आमी मराठीच बोलून रायलो जी!" तो हसला. मग त्यानं कामाचं विचारलं, "परांचीचं काम येतं? किती माळे केलेत आतापर्यंत?"

मुंबईत माळा म्हणजे मजला, हे मला एव्हाना कळलं होतं. तुला नव्हतं. तू छाती काढून सांगितलंस, "अवंदा बारा झाले जी. तेरावा अर्धा सोडून आलो."

मुकादमाच्या तोंडातली विडी तशीच राहिली. "बारा माळे? कुठं?" तू खरं ते सांगणार, एवढ्यात मी मध्ये पडलो. "नागपूरला," मी म्हणालो. "मोठी इमारत होती." तू माझ्याकडे बघायला लागलास. मुकादमानं दोन बांबू आणि ओला काथ्या तुझ्यापुढे टाकला. तू बांधलंस. तो त्या गाठीला दोन्ही हातांनी लोंबकळला, पाय वर घेतले. गाठ केसभर सरकली नाही. मग त्यानं माझ्याकडे बोट केलं, "हा?" मला गाठ येत नव्हती. तुला ठाऊक होतं. तू जमिनीकडे बघत म्हणालास, "आमी जोडीनंच बांधतो जी." तुझ्या तोंडून खोटं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते माझ्यासाठी होतं.

बाहेर आल्यावर तू मला धरलंस. "नागपूर कायले म्हनलास गा?" मी म्हणालो, तुले काय समजते, चूप राय. दुसऱ्या दिवशी मुकादमानं सातव्या माळ्यावर जा म्हटलं, तेव्हा तू आजूबाजूला बघून मला हळूच विचारलंस, "सात मारे कुठं हायेत गा अठी? मले त एकच दिसते." मी अर्थ सांगितला. तू आधी पोट धरून हसलास, वाळूच्या ढिगावर बसून हसलास. मग वाळू झटकून उठलास. "मंग आपन खोटं बोललो ना गा." मी म्हणालो, बोललो तर बोललो, काम लागलं ना. तू ऐकलं नाहीस. दुपारी सगळे भाकरी खायला बसलेले असताना त्या गर्दीत मुकादमापुढे जाऊन उभा राहिलास आणि वावरातल्या माऱ्यापासून सगळं सांगून टाकलंस. मी तोंड लपवून बसलो. मुकादम इतका हसला की त्याला ठसका लागला. "गाठ तर खरी आहे ना?" तो म्हणाला. "मग चढ." एवढंच झालं. त्या दिवसापासून तिथले लोक तुला 'बारा मारे' म्हणायला लागले, आणि ते नाव तू मिरवायचास.

संध्याकाळी काम सुटल्यावर तू मला गाठ शिकवायचास. माझ्या बोटांवर तुझी बोटं ठेवून. "गाठीकडं नोको पाहू, बांबूकडं पाय. बांबू सांगते किती आवराचं." मी चिडायचो, बांबू बोलतो का म्हणायचो. तू म्हणायचास, "तुह्यासंगं नाई बोलत, तू सातवी पास हायेस." तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती गाठ मला जमली. आयुष्यात हातानं करायची म्हणून मला तेवढी एकच गोष्ट येते.

आता ते लिहितो जे लिहायला बसलोय.

पहिले काही दिवस मी खालीच होतो, बांबू वर सरकवून द्यायचो. मग एक दिवस वरचा माणूस आला नाही आणि मुकादमानं मला नवव्या माळ्यावर पाठवलं. चढताना मी वर बघत चढलो. पोचलो, आणि बांबू धरून खाली नजर गेली. खाली डोक्यावर घमेली घेतलेल्या बाया दिसल्या, चिंचोक्याएवढ्या. वारा आला आणि सगळी परांची किंचित हलली. त्यानंतर माझे हात उघडेनात. मी उभ्या बांबूला मिठी मारली, डोळे मिटले, आणि फागू, माझं धोतर ओलं झालं.

तू वरून उतरून माझ्याजवळ आलास. ओरडला नाहीस, हसला नाहीस. तुझा दुपट्टा माझ्या कमरेभोवती घालून आपल्या कमरेला बांधलास, तीच गाठ मारलीस. मग माझ्या कानाशी बोलत राहिलास. "देवा, वर नोको पाहू गा. खाली बी नोको पाहू. हातातला बांबू पाय. आता उजवा पाय सोड. तुह्याच वावरातला मारा हाये. खाली तुई माय शिदोरी घेऊन उभी हाये." नऊ माळे आपण तसे उतरलो. सगळ्यांची जेवणं होऊन गेली तेवढा वेळ लागला. खाली पाय टेकायच्या आधी तू काथ्या भिजवायची बालदी पायानं ढकललीस, ती आपल्या दोघांवर उलटी झाली, आणि तू ओरडलास, "बालदी पडली जी!" सगळे आपल्या ओल्या कपड्यांना हसले. कशाला हसतोय ते कोणालाही कळलं नाही. माणूस माणसाची अब्रू किती पटकन झाकू शकतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. आणि त्याची परतफेड मी कशी केली, तेही तुला माहीत आहे.

मुकादमानं मला खालचं काम देऊ केलं. मला नको होतं. मला तिथं उभंही राहवत नव्हतं. तुला त्यानं थांबवायचा प्रयत्न केला. म्हणाला, पुढची इमारत याहून उंच आहे, तुला जोडीला माणसं देतो. तू म्हणालास, "याच्या मायले कबूल हावो जी, संगं आनीन म्हनून." काम शोधायला सात दिवस वणवण केली, लागलेलं काम माझ्यासाठी सोडलंस. मुकादम म्हणाला, "परत ये. चिठ्ठी टाक, मी जागा ठेवतो." आणि पत्ता एका कागदावर लिहून तो कागद माझ्या हातात दिला, कारण वाचणारा मी.

आमगावला उतरून आपण दोन कोस चालत आलो. वाटेत तू नुसता त्या पुढच्या इमारतीबद्दल बोलत होतास. गावात शिरलो तर पारावर माणसं बसलेली, आणि त्यांच्यात माझे होणारे सासरे. लग्नाची तिथी धरायला आले होते. "काऊन जी, एवढ्या लवकर?" त्यांनी विचारलं. "पराले का मुंबईवरून?"

मी विचार केला असं म्हणणार नाही. विचार करायला वेळच कुठं होता. माझ्या तोंडून निघालं, "फागूले वरतं चक्कर येते. म्हनून आलो."

तू डोक्यावरचं गाठोडं उतरवत होतास. थांबलास. माझ्याकडे बघितलंस. मग सासऱ्यांकडे वळून म्हणालास, "हो जी. डोरे फिरतेत माये." सगळा पार हसला. मीही हसलो, फागू. हे मी विसरू शकलो असतो तर बरं झालं असतं, पण मीही हसलो.

मला वाटलं, चार दिवस चिडवतील आणि विसरतील. आपलं गाव विसरणाऱ्यातलं नाही. पुढच्या आश्विनात मारा बांधायला तुला कोणी बोलावलंच नाही. ज्याचे डोळे फिरतात त्याच्या गाठीवर कोण बसेल? पलीकडच्या गावाहून माणसं आणली. तुझं नाव 'अर्धामारा' पडलं. मुंबईनं तुला बारा दिले होते, मी तुला अर्ध्यावर आणलं. तू दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोवणीला जायचास, जंगलातून बांबू आणून टोपल्या विणायचास, आणि आश्विन आला की कोणाच्या तरी वावराच्या धुऱ्यावर उभा राहून परक्यांनी बांधलेल्या माऱ्याकडे बघायचास. नावं ठेवणं तू सोडून दिलंस. त्यावरूनच मला कळायला हवं होतं.

आणि चिठ्ठी. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या वर्षी तू हसत माझ्याकडे आलास. "आता त मुंबई आपलीच झाली गा. लिही मुकादमाले." तू सांगत गेलास, मी लिहीत गेलो. फागू येतो, बारा मारेवाला, ओळख असू द्या. शेवटी तू म्हणालास, "आनखी लिही. देवा बी येईल. त्याले खालचं काम द्या. थो भेत नाई जी, त्याची सवय नाई." ते वाक्य मी माझ्या हातानं लिहिलं. पाकिटात घातलं, पत्ता लिहिला. आमगावच्या टपालपेटीपर्यंत गेलो, आणि पेटीपुढून परत आलो. तू मुंबईला जाऊन माळ्यामागून माळे चढला असतास, कोणीतरी गावात येऊन सांगितलं असतं, आणि मग मी काय ठरलो असतो? एवढ्यासाठी. तू महिनोन् महिने विचारायचास, "उत्तर आलं का गा?" मी म्हणायचो, नाही आलं. एकदा तू म्हणालास, "मोठे मानसं विसरतेत." मुकादमाला विसराळू ठरवून मी निवांत झालो. ती चिठ्ठी अजून माझ्या घरातल्या पेटीत आहे.

तुला ताप भरला तेव्हा मी रोज यायचो. पाचव्या दिवशी तू शुद्धीवर होतास, वहिनी पाणी आणायला गेली होती. मी मनाशी म्हटलं, आता सांग. मी म्हणालो, "फागू..." तू म्हणालास, "धान कसं हाये?" मी म्हणालो, चांगलं आहे. मग धानाचंच बोलत बसलो. सहाव्या दिवशी तू गेलास.

तिरडीची गोष्ट झाली त्या रात्री मी जेवलो नाही. माझ्या बायकोनं खोदून विचारलं, तेव्हा तिला सगळं सांगितलं. जिच्या बापाच्या भीतीनं मी खोटं बोललो होतो, तिलाच. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मले सांगून काय फायदा? चार मानसात म्हनलं होतं, चार मानसात सांगा." फटकळ आहे, पण खरं बोलली.

काल तेरवीचं जेवण झालं, सुपारी फिरली, आणि मी उभा राहिलो. म्हणालो, "आयका जी. मुंबईले फागू भेला नवता. मी भेलो होतो. त्यानं मले नऊ माळे कमरेले बांधून खाली आनलं." सगळं सांगितलं, ओल्या धोतरासकट. फक्त चिठ्ठी राहिली; तिथं माझा धीर संपला. मला वाटलं होतं लोक थुंकतील. कोणीही थुंकलं नाही. कोणी मान हलवली, कोणी डोळे पुसले. सासरे उठून माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "मेलेल्या मानसाचं चांगलंच बोलाव, जावईबापू. पन सोताच्या अंगावर घेऊन एवढंबी नाई." दुसरा म्हणाला, "दोस्ती होती बाप्पा, दोस्ती!" खोटं बोललो ते एका दमात पटलं होतं. खरं कोणालाच पटेना, उलट माझीच वाहवा होऊ लागली.

मला इतका संताप आला की मी म्हणालो, "चला माया वावरात."

दहा-बारा जण मागून आले. वहिनीही आली, बाया नको म्हणत होत्या, तरी आली. पुरा कर म्हणायचं तोंड मला कधी झालं नाही; तुझा अर्धा मारा अजून तसाच उभा आहे, फागू. ऐनाचे खांब तसेच आहेत. हात पोचतो तिथवरच्या गाठी मी दर वर्षी नव्या दोरानं बांधत आलो, वरच्या तुझ्याच हातच्या. मी चढायला लागलो. पहिली पायरी, दुसरी. तिसऱ्या आडव्या बांबूवर पाय ठेवला आणि खाली बघितलं. दोन पुरुष उंचीसुद्धा नसेल. खालच्यांपैकी एक म्हणाला, "उतरा जी, पटलं, पटलं," आणि हसला. मला उतरता येत नव्हतं. खांबाला मिठी मारून मी डोळे मिटले. माझं अंग थरथरताना खांब हलायला लागला तेव्हा हसणं थांबलं. आता त्यांना पटलं होतं, आणि मला खाली उतरवायला तू नव्हतास.

"देवा, वर नोको पाहू गा. खाली बी नोको पाहू. हातातला बांबू पाय."

आवाज वहिनीचा होता. जी माझ्यापुढे कपाळावर पदर ओढल्याशिवाय येत नाही, जिनं मला 'भाऊजी' आणि 'तुमी' सोडून कधी काही म्हटलं नाही, ती चार माणसांत मला 'देवा' आणि 'गा' म्हणत होती. "आता उजवा पाय सोड. तुह्याच वावरातला मारा हाये. खाली तुई माय शिदोरी घेऊन उभी हाये." माझी आई जाऊन दोन वर्षं झाली. ते शब्द नवव्या माळ्यावर वाऱ्यात आपण दोघांनीच ऐकले होते; मी ते कोणालाही सांगितले नव्हते. मी उजवा पाय खाली घेतला, मग डावा. ती बोलत राहिली आणि मी उतरलो.

म्हणजे तू तिला सगळं सांगितलं होतंस. आणि पाच वर्षं तिनं तुला अर्धामारा म्हणणाऱ्यांची बोलणी पाणवठ्यावर ऐकली, माझ्या बायकोबरोबर धान कापलं, माझ्या आईला शेवटचं पाणी पाजलं, आणि तोंडातून शब्द काढला नाही.

लोक एकेक करून निघून गेले. मी माऱ्याच्या बुडाशी बसून होतो. वहिनी समोर उभी होती. आता लपवण्यासारखं एकच उरलं होतं. ते मी तिला सांगितलं. चिठ्ठी लिहिली पण टाकली नाही, म्हणून. त्यात शेवटी काय लिहिलं होतं, तेही सांगितलं.

तिनं पदर परत कपाळावर ओढला. मग म्हणाली, "तुमच्या भेवाचं थे मले सांगून गेले होते, भाऊजी. चिठ्ठीचं त्यायले मालूम नवतं. मरेपरेंत उत्तराची वाट पायली त्यायनं." आणि धुऱ्यावरून एकटीच घराकडे चालू लागली.

ते तुला माहीत नव्हतं, फागू. म्हणून हे लिहिलं.